रशियाच्या जाकिटांत शिवलेली माता

सोव्हिएत युनियन मी पाडलं, असं मला एका नाताळात मनापासून वाटलं होतं. नुसतं वाटून थांबलं असतं तरी चाललं असतं, पण मी त्याचे पेढे वाटले. वाटले कुणाला, तर ज्या बायकांची चूल त्याच रशियाच्या ऑर्डरवर पेटत होती त्यांना. त्यांनी ते खाल्ले, साडीला हात पुसले आणि पुन्हा कामाला बसल्या. काम आता थोडेच दिवस उरलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी तर त्या दिवशी इतकी खुशीत होते की शेठलाही एक पेढा जास्त दिला.

आता माझं वय असं आहे की डॉक्टरसुद्धा रागवायचं सोडून देतात. सून लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवते आणि मी स्टूल शोधते, असं आमचं चाललेलं असतं. त्यामुळे त्या वेळच्या स्वतःला हसायची मला लाज वाटत नाही. तिला मी शहाणी म्हणते. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला, हातात माळ, आणि कपाळावर अख्ख्या जगाची काळजी. डब्यात डाळ किती उरलीय हे त्या शहाणीला सांगता यायचं नाही, पण मॉस्कोत काय शिजतंय याची तिला पक्की खबर असायची.

आम्ही अंबरनाथला राहायचो, केमिकल कंपन्यांच्या बाजूला, एका बैठ्या चाळीत. चाळीमागून नाला जायचा आणि त्याला पाण्याचा रंग कधीच नसायचा. लाल आला की एक कंपनी चालू, हिरवा आला की दुसरी. नवऱ्याची कंपनी निळा सोडायची. एक दिवस तिला टाळं लागलं. लाल बावट्याची माणसं गेटसमोर मांडव टाकून बसली, त्यांच्यात हाही बसला. मग मांडव उठला, माणसं पांगली, कुणी गावी गेलं, कुणी रिक्षा चालवायला लागलं. हा मात्र रोज सकाळी दात घासत नाल्याच्या काठी जाऊन उभा राहायचा आणि परत येऊन एवढंच म्हणायचा, “आज पण निळा नाही.” सुरुवातीला मी त्याला धीर द्यायचे. पुढे पुढे मी चहा पुढे करायला लागले.

म्हणून मी उल्हासनगरला कामाला लागले. कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे दुकानाच्या वरचा माळा. एका बाजूला यूपीचे कारागीर मशीनवर, दुसऱ्या बाजूला आम्ही बायका जमिनीवर. मला तिथे नेलं ते माझ्या शेजारणीने. तिचा नवरा मागेच गेला होता, दोन मुली शाळेत होत्या, आणि कमावणारी ती एकटी. शेअर रिक्षात आम्ही एकमेकींच्या मांडीवर डबा ठेवून जायचो. तिची चूल आणि माझी चूल, दोन्ही त्या माळ्यावर अवलंबून.

ती बौद्ध. मूळ गाव तिचं नगरकडचं आणि आमचंही. एकाच वाड्यातली, एकाच विहिरीवरून हाकलली गेलेली माणसं. माझ्या आज्याने मिशनच्या पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेतला, तिच्या सासऱ्याने छप्पन्न साली दीक्षा घेतली. यावरून ती मला कायम चिडवायची. म्हणायची, “अक्का, तुमच्या आज्याला दम नव्हता बघ. जरा थांबला असता तर आमच्याबरोबर आला असता. एकदमच सुटलो असतो.” मी म्हणायचे, आमचा आजा उपाशी होता, त्याला थांबायला सवड नव्हती. मग आम्ही दोघी हसायचो. ते हसण्यासारखं नव्हतं, पण आमच्यात चालायचं.

माल होता लहान मुलांच्या जाकिटांचा. आत कापसासारखं पांढरं फायबर भरलेलं, बाहेरून चकचकीत कापड, गळ्याला टोपी. वर पत्रे, खाली आम्ही, मे महिना, आणि मांडीवर ही असली गरमागरम जाकिटं. शेठ मधून फिरायचा आणि म्हणायचा, “रशिया का माल है बाई, टाका छोटा मारो, उधर ठंड अंदर घुसती है.” खोक्यांवर उलटीसुलटी अक्षरं छापलेली असायची. जाकीट शिवून उलटं केलं की खालच्या काठाला बोटभर जागा उघडी राहायची, तेवढी आम्ही हाताने टाचायची. माझं काम तेच. ही बोटभर जागा लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथून झाला.

आमच्या चर्चमध्ये तेव्हा जुने फादर होते, वसईकडचे. वयाने थकलेले, आवाज मात्र खणखणीत. लॅटिन सोडून मराठीत, लोकांकडे तोंड करून मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांची पाठ सवयीने आमच्याकडे वळायची, मग ते दचकून तोंड फिरवायचे. वेदीसमोर लाकडी कठडा होता, त्याला टेकून आम्ही गुडघ्यावर बसायचो आणि जिभेवर कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची भाकर, घ्यायचो. त्यांचं म्हणणं, देवाला हात लावायला आपले हात कुठले. मिस्सेनंतर ते आम्हा बायकांना थांबवून घ्यायचे आणि फातिमा गावाची गोष्ट सांगायचे. पोर्तुगालातल्या त्या खेड्यात मेंढ्या राखणाऱ्या तीन पोरांना मारिया मातेने दर्शन दिलं आणि सांगितलं की रशियासाठी प्रार्थना करा, तो देवाकडे वळला तर जगात शांती येईल, नाही वळला तर आपल्या चुका जगभर पसरवेल. फादर म्हणायचे, त्या चुका आता चर्चच्या आतही शिरल्यात. बाहेरचा शत्रू ओळखू येतो, आतला येत नाही. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि आम्हा बायकांच्या अंगावर काटा.

शहाणीच्या तर फारच आला. रोज संध्याकाळी आमच्या खोलीत पाचसहा बायका जमायच्या, माळ व्हायची, आणि शेवटी रशियासाठी वेगळी प्रार्थना. नवरा भिंतीला टेकून ऐकायचा. त्याच्या युनियनच्या लेखी रशिया म्हणजे मजुरांचं राज्य. तो हळूच म्हणायचा, “आमची पोटं तुझ्या रशियावर, आणि तू रशियाच्या मुळावर.” मी म्हणायचे, मुळावर नाही, वळणावर. बोलण्यात मी हरायचे नाही. पण तो काय म्हणाला याचा मी एक मिनिट विचार करायला हवा होता, तो काही केला नाही.

मग एका वर्षी फादरांना परदेशातून कुणीतरी पदकांची पिशवी पाठवली. ॲल्युमिनियमची, नखाएवढी, एका बाजूला माता आणि वर दोरा ओवायला भोक. फादरांनी आम्हाला मूठमूठ दिली. म्हणाले, आजाऱ्याच्या उशीखाली ठेवा, भांडखोराच्या खिशात टाका, जिथे देव पोचत नाही तिथे आईला आधी पाठवा. बाकीच्या बायकांनी सासूच्या उशीखाली ठेवली. शहाणीच्या डोक्यात वीज चमकली. जिथे देव पोचत नाही अशी जागा कुठली, तर रशिया. आणि रशियाला रोज जाणारं काय, तर तिच्या मांडीवरचं जाकीट.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. डाव्या बाजूला, जिथे पोराचं काळीज येईल तिथे, त्या बोटभर जागेतून पदक आत घालून वरपर्यंत सरकवायचं, फायबरमध्ये दाबायचं, आणि टाके घालताना मातेची एक ‘नमो मारिया’ प्रार्थना म्हणायची. वरून काही कळायचं नाही. सगळ्या जाकिटांत घालण्याइतकी पदकं नव्हती, म्हणून चेहरे कल्पून घालायचे. हे जाकीट एखाद्या पुढाऱ्याच्या नातवाला जाईल, यात घालू. हे जरा साधं दिसतंय, जाऊ दे. संपली की फादरांकडून आणखी मागून आणायचे. त्यांनी कधी विचारलं नाही की एवढे आजारी लोक आमच्या चाळीत कुठून आले.

शेजारीण समोरच बसून बटणं लावायची. माझे ओठ हलताना ती बघायची. एकदा न राहवून म्हणाली, “अक्का, तोंडातल्या तोंडात कुणाला शिव्या घालतीस गं?” मी सांगितलं, शेठला. ती म्हणाली, “मग माझ्याकडून पण दोन घाल.” मी तिच्या नावानेही दोन ‘नमो मारिया’ म्हटल्या. हे तिला कधी सांगितलं नव्हतं.

तुम्ही विचाराल, रशिया वळला तर ऑर्डरचं काय होईल, हे शहाणीच्या डोक्यात आलं नाही का. आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण तिचं गणित असं की ख्रिस्ती झाली तरी पोरांना थंडी वाजणारच. उलट ख्रिस्ती देश म्हणजे नाताळ आला, नाताळ म्हणजे नवे कपडे आले, म्हणजे ऑर्डर दुप्पट. शेठला न सांगता मी त्याचा धंदा वाढवत होते. फावल्या वेळात मी स्वतःवर खूश असायचे.

इकडे आमच्या घरात, म्हणजे चर्चच्या घरात, वेगळंच चाललं होतं. जुन्या फादरांना वय झालं म्हणून बदलापूरला हलवलं, कुळगावच्या पुढे बारवी धरणाच्या वाटेवर सिस्टरांचा एक आश्रम होता तिथे. त्यांच्या जागी तरुण फादर आले. माणूस वाईट नव्हता. झोपडपट्टीत फिरायचा, रेशनकार्डं काढून द्यायचा, मिस्सेत मुलांना गिटार वाजवायला लावायचा. त्याने पहिल्यांदा वेदीसमोरचा कठडा काढला, देव आणि माणसांत कुंपण कशाला म्हणून. त्या लाकडाचं माइक ठेवायला टेबल झालं. मग कम्युनियन हातावर घ्यायची पद्धत आली. मी हात पुढे करायचे नाही. तो ओस्ती, म्हणजे ती पातळ भाकर, धरून माझ्या हाताकडे बघायचा, मी जीभ काढून त्याच्याकडे बघायचे, आणि मागे रांग खोळंबायची. शेवटी तो हसून जिभेवर ठेवायचा. मी जिंकले असं मला वाटायचं. पण मागे वळून बघितलं की जीभ काढणारी मी एकटीच, आणि गुडघे टेकायला कठडाच नाही, तर मी खाली फरशीवर बसलेली, लोक माझ्या बाजूने निघून चाललेले.

माळेला येणाऱ्या बायकाही कमी झाल्या. एकीकडे टीव्हीवरची मालिका, दुसरीकडे उल्हासनगरला एका हॉलमध्ये नवीन प्रार्थना सुरू झाली होती, तिथे टाळ्या, रडणं, आणि गुडघेदुखी जागेवर बरी. माझा मुलगाही मित्रांबरोबर तिकडे जायला लागला. मी रशियाला वळवत होते तेव्हा तो घरातून वळत होता, आणि मला वाटायचं की ट्यूशनला जातोय.

एक्क्याण्णवचा नाताळ झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बातम्यांत दाखवलं की मॉस्कोतला लाल बावटा खाली उतरवला आणि सोव्हिएत युनियन संपलं. टीव्ही शेजारणीकडे होता, आम्ही सगळे तिच्या दारात. मी तिथेच क्रूसाची खूण केली. नवरा माझ्याशेजारी उभा होता. तो बावटा खाली येताना त्याने डोक्यावरची टोपी काढली, जशी मयताला काढतात. मग तो घरी गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मी करंज्या पुढे केल्या तर म्हणाला नको. मला वाटलं, हरला बिचारा. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते वाचायची ती वेळ होती आणि मी पेढ्यांचा हिशोब करत होते.

पेढे वाटले ते दुसऱ्या दिवशी, कारखान्यात. शेजारणीने विचारलं कशाचे. मी सांगितलं, नाताळचे. खरं सांगायची जाम इच्छा होती, पण संताने आपलं पुण्य बोलून दाखवू नये असं ऐकलं होतं. हो, संत. त्या आठवड्यात मी माझ्या स्वतःच्या मूर्तीसाठी चर्चमध्ये जागाही बघून ठेवली असावी. शेठ फोनवर होता, मुंबईच्या पार्टीशी बोलत होता, नुसतं “हां, हां” करत होता. त्याने न बघता पेढा तोंडात टाकला. मी दुसरा दिला, तोही टाकला.

त्या रविवारी मी बदलापूरला गेले, जुन्या फादरांना बातमी द्यायला. खोलीत ते खुर्चीत बसले होते, पायावर शाल. भिंतीला लावलेलं एक छोटं टेबल, त्यावर क्रूस आणि दोन मेणबत्त्या. जुनी मिस्सा ते तिथे एकटेच करत, भिंतीकडे तोंड करून, मागे उत्तर द्यायला कुणी नाही. मी पेढा दिला. साखरेचा आजार होता तरी त्यांनी अर्धा खाल्ला. मी म्हटलं, फादर, रशिया पडला. त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, पण डोळे कोरडेच होते. ते म्हणाले, “पोरी, आईने पडायला सांगितलं नव्हतं. वळायला सांगितलं होतं.”

मग मी त्यांना पदकांचं सांगितलं, सगळं, बोटभर जागेसकट. वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल. त्यांनी पायावरची शाल सारखी केली आणि विचारलं, “त्या लेकरांना टोचली नसतील ना गं ती?” एवढ्या वर्षांत हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. मी पुढाऱ्यांचे नातू वळवत होते, पोरं माझ्या डोक्यात नव्हतीच. मी म्हटलं, पातळ होती फादर, नखाएवढी. ते मान हलवत राहिले. मग त्यांनी विचारलं की कठडा काढला म्हणतात ते खरं का. मी हो म्हटलं. खोटं बोलले असते तर चाललं असतं, पण ते मला नंतर सुचलं.

निघताना त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते उठून टेबलापाशी गेले आणि लॅटिनमध्ये मिस्सेची सुरुवात म्हणायला लागले. मी मागे गुडघ्यावर बसले. लहानपणी गावी ऐकून उत्तरं पाठ झाली होती, त्यातली दोनतीन दिली. मग त्यांचा आवाज थांबला. पुढचं त्यांना आठवेना. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आता पहिल्यांदा न दचकता. मलाही आठवेना. आम्ही दोघं तसेच थांबलो, भिंतीसमोर, कुणीतरी सांगेल म्हणून. तिसरं कुणी नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. दफनाला गिटार होती.

आता कारखान्याचं. नव्या वर्षात टेम्पो यायचे थांबले. शिवलेली जाकिटं गठ्ठे बांधून माळ्यावर छतापर्यंत रचली गेली, आणि आम्हाला बसायला जागा उरेना. शेठ रोज सांगायचा, मुंबईची पार्टी माल उचलत नाही, गोदीत पडलेला आधीचाच हलत नाही. एक दिवस तो आमच्यासमोरच खाली बसला, आम्ही बसायचो तसा जमिनीवर, आणि म्हणाला, “कंट्री ही नहीं रही बाई, तो बिल किसके नाम पे फाड़ूँ?” कारागीर गावी गेले. मशीनं विकली गेली. शेवटच्या आठवड्यांच्या पगाराच्या जागी त्याने आम्हाला जाकिटं दिली, जेवढी उचलता येतील तेवढी. शेजारणीने गाठोडं डोक्यावर घेतलं, मी काखेत. उल्हासनगरच्या उकाड्यात रशियाच्या थंडीचं ओझं वाहत आम्ही दोघी रिक्षास्टँडपर्यंत चालत गेलो. उरलेला माल पुढे कितीतरी दिवस कॅम्प तीनच्या हातगाड्यांवर पडलेला होता. बारवीकडच्या पाड्यावरची पोरं भर उन्हात ती चकचकीत जाकिटं घालून गुरं वळताना मी पाहिली आहेत. त्यांच्यातल्या कुणाच्या काळजापाशी माता होती, कुणाच्या नव्हती.

बाकीचं पण सांगून टाकते, म्हणजे मागे काही राहायला नको. नवऱ्याने निळ्याची वाट बघणं शेवटपर्यंत सोडलं नाही. ती कंपनी पाडून तिथे नंतर गोदाम झालं, तरी तो जाऊन यायचा. मुलगा हॉलवाल्यांत पक्का झाला. घरात मातेची मूर्ती ठेवणं म्हणजे मूर्तिपूजा म्हणतो, म्हणून ती माझ्या उशाशी ट्रंकेत असते. संध्याकाळच्या माळेला आधी चौघी, मग दोघी, मग मी उरले. अजून म्हणते. रशियासाठीची प्रार्थनाही म्हणते, सवय आहे. पण आता त्यात काय मागायचं ते मला कळत नाही, म्हणून नुसते शब्द म्हणते आणि पुढे जाते. टीव्हीवर तिकडच्या लढाया दाखवतात तेव्हा नात विचारते, आजी, तू रशियाचं एवढं का बघतेस. मी म्हणते, माझा तिथे माल अडकलाय.

शेजारणीने कारखाना बंद झाल्यावर खूप ठिकाणी विचारलं. जीन्सच्या युनिटमध्ये तरुण पोरी लागायच्या, धुण्याभांड्याला आधीच बायकांची रांग. शेवटी तिने ठरवलं की जाकिटं उसवायची, आतल्या फायबरच्या गोधड्या शिवायच्या आणि विकायच्या. मार्च असेल. दुपारी तिच्या ओट्यावर ती उसवत बसायची, पांढरं फायबर सगळ्या चाळीत उडायचं. मी बघायचे आणि मदतीला जायची हिंमत व्हायची नाही, कारण पुढे काय निघणार ते मला माहीत होतं.

निघालंच. एका दुपारी ती माझ्या दारात आली, उंबऱ्यावर बसली आणि पदराची गाठ सोडून फरशीवर पदकं ओतली. बरीच होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्यांच्या जोरावर मी बावटा खाली ओढला म्हणत होते, त्यातली एवढी तर कॅम्प तीनच्या बाहेरही गेली नव्हती. तिने विचारलं हे काय आहे. तिला वाटलं होतं शेठने काहीतरी चोरून पाठवलं असेल. तिची मोठी मुलगी धाकटीचा हात धरून मागे उभी होती. या मोठीने ते वर्ष संपता संपता शाळा सोडली आणि जीन्स धुवायच्या कामाला गेली, हे पुढचं.

मी तिला सांगितलं. माता, मेंढ्या राखणारी पोरं, रशिया, बोटभर जागा, ‘नमो मारिया’. तिच्या नावाने म्हटलेल्या दोन पण. पेढे कशाचे होते तेही. मला वाटलं आता हसेल. ती नेहमी हसायची, आज्यावरून, शेठवरून, माझ्या हलणाऱ्या ओठांवरून. मीच जरा हसून दाखवलं. तिने एक पदक उचललं, नखाने त्यावरचा फायबरचा तंतू काढला, मातेचा चेहरा नीट बघितला, आणि ते माझ्या हातात ठेवून माझी मूठ मिटली.

“अक्का, तुझं ऐकती ना ही? मग आज संध्याकाळी माळ घेऊन बस आणि सांग तिला, रशिया होता तसा परत उभा कर म्हणावं. वाईट असंल तर असू दे. माझ्या पोरी त्याच्यावर जेवत होत्या.”